पिवळ्या पाहुण्यांचें दाणापाणी

कारळ्याची चटणी ठाऊक नाहीं, असें महाराष्ट्रीय घर विरळाच. परंतु हेंच काळें, बारीक बीं सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंत पक्ष्यांच्या पंक्तीचें पक्वान्न होऊन बसलें आहे, ही गोष्ट आमच्या कित्येक वाचकांस नवी वाटेल. न्यू जर्सी राज्यांत महाराष्ट्रीय कुटुंबें पुष्कळ आहेत. ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे राहतात, त्यांनीं हा मजकूर त्यांच्याही कानीं घालावा, अशी आमची विनंती आहे.

या बियांचा मुख्य भोक्ता म्हणजे गोल्डफिंच. फिंच कुळांतील हा पक्षी चिमणीहूनही लहान. न्यू जर्सी, आयोवा व वॉशिंग्टन या तीन राज्यांनीं त्यास राज्यपक्षी मानिलें आहे. उन्हाळ्यांत नर हळदीसारखा पिवळाधमक असतो. कपाळावर काळी टोपी व पंखही काळे. हिंवाळ्यांत तोच मळकट तपकिरी दिसूं लागतो आणि पाहुणे निघून गेले असें समजून लोक दाणे घालण्याचें सोडून देतात. वस्तुतः पुष्कळदां पाहुणे तेच असतात. वस्त्रें तेवढीं पालटलेलीं असतात.

हा पक्षी बहुतेक केवळ बियांवर जगतो. थिसल नांवाच्या कांटेरी झुडपाचें बीं त्यास फार प्रिय. थिसल व कारळा दोन्हीं सूर्यफुलाच्याच कुळांतलीं, तेव्हां त्यास कारळा आवडावा यांत नवल नाहीं. कारळा मूळचा इथियोपियाचा. तेथून, तसेंच भारत व म्यानमार येथून तो अमेरिकेंत जातो. त्याबरोबर अमरवेलीसारखें उपद्रवी तण येऊन रुजूं नये, म्हणून विक्रीपूर्वीं हें बीं तापवितात.

कारळ्यासाठीं बारीक भोंकांची उभी नळी टांगावी. बीं ताजें असावें. तें तेलकट असल्यामुळें जुनें झालें म्हणजे खवट होतें व पक्षी त्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. पावसानें भिजलेलें बीं टाकून द्यावें.

येथवर सारें सोपें आहे. परंतु खरी जबाबदारी याच्या पुढेंच आहे. १९९४ सालीं वॉशिंग्टन शहराच्या आसपास हाउस फिंच या पक्ष्यांचे डोळे सुजून चिकटलेले आढळले. असा पक्षी आंधळा होतो व उपासमारीनें किंवा मांजराच्या तोंडीं पडून मरतो. हा रोग थोड्याच वर्षांत पूर्वेकडील राज्यांत पसरला. २०२१ च्या आरंभीं पश्चिमेकडे पाइन सिस्किन या दुसऱ्या फिंचांत साल्मोनेलाची सांथ आली, तेव्हां दाण्याच्या नळ्या कांहीं काळ उतरवून ठेवा, असें सरकारी खात्यांस लोकांना सांगावें लागलें. रानांत विखुरलेले पक्षी आपण एकाच भोंकाशीं चोंच लावावयास बोलावितों. तेथेंच रोगाचा प्रसार होतो.

म्हणून दर पंधरा दिवसांनीं नळी रिकामी करून घासावी, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांत दहा मिनिटें भिजवावी, खळखळून धुवावी व पूर्ण वाळल्यावरच भरावी. खालीं पडलेलीं टरफलें झाडून टाकावीं. आजारी पक्षी दिसला तर दोन आठवडे नळी उतरवून ठेवावी. हे पक्षी केवळ आपल्या दाण्यांवर अवलंबून नसतात. उष्ट्या पात्रांत दुसरी पंगत वाढूं नये, हें आमच्या घरांतील लहान मुलासही ठाऊक असतें. अंगणांतील पंगतीस तोच नियम लावावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.