चौकटीबाहेरची माणसं

हल्ली बाळाचं बारसं होण्याआधीच त्याचा चित्रपट तयार असतो. पहिलं रडणं, पहिली जांभई, पहिलं खिमट आणि ते तोंडातून परत बाहेर येण्याचा सोहळा, सगळं मोबाइलमध्ये जमा. आमच्या पिढीतली मंडळी यावर नाकं मुरडतात. ‘पोर खेळवायचं की त्याचं शूटिंग करायचं?’ असं विचारतात. मी मात्र या आईबापांच्या बाजूचा आहे. कारण हा नाद मोबाइलबरोबर आलेला नाही. तो सिनेमाइतकाच जुना आहे.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या एका कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चित्रपट दाखवले. कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांबरोबर त्यात एक जेवणारं बाळही होतं. बागेत टेबल मांडलेलं, थोरला भाऊ ऑगस्ट आपल्या लेकीला, आंद्रेला, चमच्याने भरवतोय, शेजारी तिची आई. कॅमेऱ्यामागे काका, लुई. सगळा प्रकार मिनिटभराचाही नाही. मध्येच ती पोर हातातलं बिस्किट समोर धरते. आपल्याला वाटतं, प्रेक्षकांनाच देतेय. खरं तर ती देत असते काकाला! ही आंद्रे १९१८ साली गेली, पंचविशीही न गाठता. बिस्किट पुढे करणारा तो हात मात्र आजही पाहता येतो.

आपल्याकडे तर या धंद्याचा पायाच घरात घातला गेला. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. मूल वाढताना पाहायची हौस याहून वेगळी काय असते? १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ही चिमुरडी नुसते निरनिराळे चेहरे करून दाखवते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. पुराणकथा नंतर सुरू होते. आधी एक बाप आपल्या लेकीचं कौतुक करून घेतो. आणि फिल्म धुण्यापासून जोडण्यापर्यंत राबणाऱ्या सरस्वतीबाई? त्या चौकटीबाहेरच.

मग आला व्हिडिओ कॅमेऱ्याचा जमाना. आमच्या बँक कॉलनीत आखातातून आलेल्या कुणाच्या तरी मेव्हण्याकडे असा खांद्यावरचा कॅमेरा असे. तो मागून आणायचा म्हणजे निमित्तही तसंच हवं. त्यामुळे त्या कॅसेटींत बारशी, मुंजी आणि वाढदिवस भरलेले. केक कापताना घाबरून रडणारी मुलं आणि ‘इकडे बघ, हास ना’ म्हणून ओरडणारे काका. तेच मूल एरवी डबे वाजवत, पोळपाटावर बसून गाडी चालवत दिवसभर हसत असे. ते कुणी टिपलं नाही; फीत महाग होती. आज फीत फुकट आहे, हा केवढा लाभ!

निवृत्तीनंतर माझा बराचसा मुक्काम कोंडाण्याला असतो. सिंहगडाचा कोंढाणा नव्हे. कर्जतचं, राजमाचीच्या पायथ्याचं कोंडाणे. शेजारच्या घरातल्या सुनेने गेल्या पावसाळ्याआधी असंच काहीतरी टिपलं. सासूबाई पडवीत तांदूळ पाखडतायत आणि दोन वर्षांची नात सुपात हात घालून मूठमूठ दाणे कोंबड्यांना उधळतेय. चित्रात दिसते नात, कोंबड्या आणि सुपाची कड. आजी दिसत नाही, नुसती ऐकू येते. ‘काय करू गो हिला! सगळं भात संपवते की काय!’ आणि मग ते खोकल्यासारखं हसणं. दिवाळीत म्हातारी गेली. तिचा एक फोटो भिंतीवर आहे, आधार कार्डासाठी काढलेला, गंभीर चेहऱ्याचा. पण घरचे आठवण आली की ती चाळीस सेकंदं लावतात. चित्रण केलं नातीचं, उरली आजी.

मानसशास्त्र सांगतं की माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही. म्हणजे त्या नातीला ही आजी स्वतःहून आठवणार नाही. आपल्या खोडीवर रागावता रागावता हसणारं कुणीतरी होतं, हे तिला त्या चाळीस सेकंदांतूनच कळणार. मुलांचं खेळणं टिपायचं ते एवढ्यासाठी. आपण किती गोड होतो हे कळून मोठेपणी फारसा उपयोग नसतो. आपण कुणाकुणाचे लाडके होतो, हे कळायला हवं.

कोंडाण्याच्या लेण्यांत चैत्याच्या दर्शनी भागावर एका मूर्तीजवळ ब्राह्मीत छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच त्याचा मतलब. दोन हजार वर्षांमागचा तो कारागीर. मूर्ती घडवून तो निघून गेला नाही. करणारा कोण, कुणाचा, हे सांगून गेला. घरातल्या चित्रणात आपण नेमकं हेच विसरतो. मोबाइल धरणारा, बहुतेक घरांत आई, कधीच चित्रात नसते. कधीतरी मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्यावा. निदान बोलावं तरी. तारीख, गाव आणि कोण कोण घरात आहे ते.

एक जुना बँकवाला म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, ठेव एकाच खात्यात ठेवू नये. घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्या संगणकावर उतरवून घ्या. व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई २०१६ साली थांबली, आणि २०१९ मध्ये युनेस्कोनेही चुंबकीय फितींबद्दल इशारा दिला. त्यात आपल्याकडच्या दमट हवेत फितींना बुरशी लागते ती वेगळीच. मोबाइलमधलंही निवडून दोन ठिकाणी ठेवा. हजारांतलं शोधण्यापेक्षा पन्नास पाहणं सोपं. दुसरी, लॉकरची किल्ली गावभर फिरवू नये. पोराच्या आंघोळीचं कौतुक घरच्यांपुरतं पुरे. शंभर जणांच्या ग्रुपवर त्याचं काम नाही. उद्या मोठं झाल्यावर त्याला विचारता येईल, आज येत नाही.

बाकी नेम एकच. मुलाला ‘करून दाखव’ म्हणू नका. ते जे करतंय ते करू द्या, मिनिटभर टिपा, मग मोबाइल खाली ठेवून त्याने पुढे केलेलं बिस्किट घ्या. ते आपल्यासाठीच असतं.