बर्फातला काळा पक्षी: प्रकाश कुणाचा मोजायचा?

मंडळी, मघाशी पडद्यावर जो फोटो दाखवला, त्यात पक्षी आहे हे आम्हाला सांगावं लागलं. फोटो फसला तो तिथेच. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात किब्बर म्हणून गाव आहे, सुमारे ४२०० मीटर उंचीवर. हिवाळ्यात आपल्याकडचे पुष्कळ जण तिकडे हिमबिबट्यासाठी जातात, आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. बिबट्या दिसेल तेव्हा दिसेल, पण चफ रोज दिसतात. कावळ्याच्याच कुळातले हे पक्षी, अंग काळं, पाय लाल. एका जातीची चोच पिवळी, दुसरीची लाल. आमच्या फोटोत मात्र बर्फ सिमेंटच्या रंगाचं आलं आणि चफ म्हणजे त्या सिमेंटला पडलेलं भोक!

असं का होतं? कॅमेऱ्याच्या मीटरला समोर बर्फ आहे की कोळसा, हे कळत नाही. जे दिसेल ते सरासरी मध्यम राखाडी, असं तो धरून चालतो. चौकटभर बर्फ दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो कमी करतो. आधीच काळा असलेला पक्षी मग आणखी बुडतो. उलट पक्षी जवळ आला, चौकट त्यानेच भरली, की मीटर उजेड वाढवतो आणि बर्फ जळतं. चफ तर उडताना बर्फावरून काळ्या कड्यासमोर जातो. त्याच्यावर पडणारा उजेड तोच असतो, कॅमेरा मात्र दर क्षणाला मत बदलतो.

म्हणून आम्ही मॅन्युअलवर जातो. पक्षी यायच्या आधीच बर्फावर मीटर धरायचा आणि तो सांगेल त्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप उजेड जास्त द्यायचा. हिस्टोग्राम उजव्या कडेच्या जवळ यावा, पण तिला चिकटू नये. रॉ फाइल हवीच. मग उजेड बदलेपर्यंत हात लावायचा नाही.

बर्फ जळेल या भीतीने आम्ही कित्येक वर्षं फोटो अंधारे काढले आणि घरी येऊन संगणकावर उजळवले. काळ्या पिसांत नुसते दाणे वर यायचे, पिसांची चमक गायब. आयएसओ ३२०० वर नीट उजेड देऊन काढलेला फोटो हा ८०० वर अंधारा काढून नंतर ओढलेल्या फोटोपेक्षा बहुतेक वेळा बराच निघतो. बसलेल्या पक्ष्याला १/२५० सेकंद पुरतो, उडत्याला १/१६०० तरी लागतो.

आणि ढग आले म्हणून कॅमेरा आत ठेवू नका बरं का! खालचं बर्फ उजेड वर परतवतं, त्यामुळे एरवी सावलीत राहणारं पोट, हनुवटीखालची पिसंसुद्धा दिसतात. काळ्या पक्ष्याला कोरड्या उन्हापेक्षा हा उजेड मानवतो. फोकस छातीवर धरू नका. तिथे काळ्यावर काळं, कॅमेरा चाचपडत राहतो. डोळ्यावर किंवा चोचीच्या मुळाशी धरा.

राहता राहिली संध्याकाळ. शेगडी पेटलेल्या खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करा, नाहीतर थंड भिंगावर लगेच दव धरतं. कार्ड मात्र आधीच काढून खिशात ठेवा, नाहीतर फोटो बघायच्या घाईत बॅग उघडली जातेच.