लेझीमचा नवा वस्ताद

वळसंग हे सोलापूर जिल्ह्यातील दक्षिण सोलापूर तालुक्याचे गाव. सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. या भागात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा कानांवर पडतात. मिरवणूक असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की २६ जानेवारीचा कार्यक्रम असो, सोलापूरकडे लेझीम हवीच!

मित्रांनो, समजा, वळसंगच्या एका शाळेत सातवीतील २४ मुलामुलींचे लेझीम पथक तयार करायचे आहे. २६ जानेवारीला पाच आठवडे उरले आहेत. गुरुजींनी हे काम नववीत शिकणाऱ्या तुमच्यावर सोपवले आहे. तुम्हाला लेझीम चांगली खेळता येते. पण आजवर तुम्ही ती कोणाला शिकवलेली नाही. मग सुरुवात कोठून कराल?

आधी साधनाची ओळख करून घेऊ. लेझीम म्हणजे लाकडी दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेली लोखंडी साखळी. साखळीत पत्र्याच्या गोल चकत्या ओवलेल्या असतात. साखळीच्या मध्यभागी धरण्यासाठी मूठ असते. एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात मूठ धरून हात दूर नेले की साखळी ताणली जाते. हात जवळ आणले की ती सैल पडते. या हालचालींत चकत्या एकमेकींवर आपटतात आणि 'छन छन' असा आवाज होतो.

'लेझीम' हा शब्द मराठीत फारसीतून आला आहे. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेल्या धनुष्याला लेझीम म्हणत. असे धनुष्य ओढून पहिलवान दंड बळकट करीत. व्यायामाच्या त्या साधनातूनच आपली आजची लेझीम घडली. म्हणून लेझीम हे नृत्यही आहे आणि व्यायामही आहे. दहा मिनिटे खेळून पाहा, खांदे आणि मांड्या तुम्हाला हे पटवून देतील!

आता शिकवण्याकडे वळू. नवा शिक्षक पहिल्याच दिवशी एक चूक हमखास करतो. तो मुलांच्या हातांत लेझीम देतो आणि लगेच गोल, चौकोन, फुली अशा रचना शिकवू लागतो. मग पाय एकीकडे, हात दुसरीकडे आणि आवाज तिसरीकडेच जातो. तुम्ही तसे करू नका. पहिले दोन-तीन दिवस लेझीम खाली ठेवा. मुलांना दोन हात अंतरावर उभे करा. उंच मुले मागे आणि बुटकी पुढे असू द्या. 'एक, दोन, तीन, चार' असे मोजत फक्त पाऊल आणि टाळी यांचा मेळ बसवा. पायांना ठेका कळला की हात आपोआप मागे येतात.

त्यानंतर लेझीम हातांत द्या. पण आधी प्रत्येक लेझीम तपासा. दांड्याची ढलपी निघालेली नाही ना? साखळीची कडी उघडलेली नाही ना? चकतीची कड धारदार झालेली नाही ना? साखळीत बोट चिमटले तर मूल लेझीमला भिऊ लागते, आणि भीती बसली की हात मोकळा होत नाही.

पहिला प्रकार शिकवायचा तो 'चार आवाज'. चार आकड्यांवर चार वेळा साखळी वाजते. पहिला आवाज वाकून खाली काढायचा आणि मग सरळ होत पुढचे काढायचे. हा पक्का झाला की 'दो रुख' घ्या. त्यात एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वळायचे असते. 'रुख' म्हणजे तोंड किंवा दिशा, हे तुम्हाला सांगायला नको.

शिकवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही मुलांकडे तोंड करून उभे राहिलात, तर तुमचा उजवा हात त्यांच्या डाव्या हाताकडे येतो. मुले तुमचे अनुकरण करतात आणि उलट्या बाजूला वळतात. म्हणून नवीन पाऊल दाखवताना त्यांच्याकडे पाठ करा. पाऊल दाखवून झाले की वळा आणि त्यांचे खेळणे पाहा.

दुसऱ्या आठवड्यात हलगी येऊ द्या. हलगी म्हणजे गोल कड्यावर चामडे ताणून बसवलेले वाद्य. ती काठ्यांनी वाजवतात. वाजवण्यापूर्वी ती जाळाजवळ धरून तापवतात. त्यामुळे चामडे ताणले जाते आणि आवाज खणखणीत येतो. हलगी एका कडेला न ठेवता पथकाच्या मध्यभागी किंवा समोर ठेवावी. यामागे शास्त्र आहे. हवेतून आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर दूर उभ्या असलेल्या खेळाडूला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. हे अंतर क्षुल्लक वाटते. पण दर मिनिटाला १२० ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमध्ये अर्धाच सेकंद असतो. त्याचा पाचवा हिस्सा चुकला की मागची रांग बेताल दिसते. छोट्या पथकाला ही अडचण फारशी येत नाही. मोठ्या मैदानावर मात्र तिचा विचार करावा लागतो. दिल्लीत १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. त्यांच्या उद्घाटन समारंभात सांगली भागातील लेझीम पथक खेळले होते. एवढ्या विशाल मैदानावर शेकडो हात एका वेळी हलवायचे म्हणजे किती तयारी हवी!

आता खरी कसोटी येते. तिसऱ्या आठवड्यात तुमच्या ध्यानात येते, की २३ मुले बरोबर आहेत आणि कडेचा एक मुलगा सतत मागे पडतो आहे. सगळ्यांची साखळी वाजून जाते आणि मग त्याची एकट्याची वाजते. बाकीची मुले हसतात. कोणी म्हणते, "ताई, याला काढून टाका ना! आपलं पथक चांगलं दिसेल." तुम्हालाही क्षणभर तसे वाटते. दिवस थोडे उरले आहेत आणि नाव तुमचे जाणार आहे.

थांबा. आधी त्याच्याकडे नीट पाहा. त्याचे डोळे कोठे आहेत? ते शेजाऱ्याच्या हातांवर आहेत. तो ठेका ऐकत नाही, तो पाहून खेळतो आहे. जो पाहून खेळतो, तो नेहमी उशिराच पोहोचतो. कारण शेजाऱ्याचा हात हलल्यावरच त्याचा हात हलतो. दोष त्याच्या हातांत नाही. चूक झाली तर हसे होईल, या भीतीने तो दुसऱ्याचा आधार शोधतो आहे.

यावर उपाय सोपा आहे. सगळ्या पथकाला डोळे मिटायला सांगा आणि फक्त हलगीवर 'चार आवाज' खेळायला लावा. गती निम्म्यावर आणा. त्या मुलाला कडेवरून काढून दोन स्थिर खेळाडूंच्या मध्ये उभे करा. कोणी हसले तर खेळ थांबवा आणि साऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. चार-पाच दिवसांत त्याचे कान जागे होतात. गंमत म्हणजे डोळे मिटून खेळल्यामुळे बाकीच्या २३ जणांचा मेळही अधिक चांगला बसतो. पथकाची गती सर्वांत वेगवान खेळाडू ठरवीत नाही. जी गती सर्वांना पेलते, तीच पथकाची गती.

शेवटच्या दोन आठवड्यांत रचना शिकवा. गोल, दुहेरी रांग आणि फुली एवढ्या तीन पुरेत. रचना बदलण्याचा इशारा शिट्टीने द्या. सराव सकाळी लवकर, उन्हे चढण्यापूर्वी घ्या. मधूनमधून पाणी प्यायला सांगा.

मराठीत व्यायामशाळेला 'तालीम' म्हणतात, तिथे शिकवणाऱ्याला 'वस्ताद' म्हणतात आणि मैदानावरच्या शिस्तबद्ध हालचालींना 'कवायत' म्हणतात. हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, उस्ताद म्हणजे शिक्षक आणि कवाइद म्हणजे नियम किंवा व्याकरण. शब्द तेच, फक्त ते वर्गातून मैदानात आले आहेत.

२६ जानेवारीच्या सकाळी ध्वजवंदन होईल. हलगीवर पहिली थाप पडेल आणि २४ साखळ्या एकाच वेळी वाजतील. पाहणाऱ्यांना त्यातला कोणता आवाज त्या मुलाचा हे ओळखता येणार नाही. ते ओळखता आले नाही, म्हणजे वस्ताद म्हणून तुमची पहिली तालीम यशस्वी झाली असे समजा.