मराठी आडनावे

मराठी आडनाव हे मराठी भाषक समाजात व्यक्तीचे नाव व वडिलांचे किंवा पतीचे नाव यांच्यानंतर लावले जाणारे कुलाचे नाव होय. त्यास उपनाव असेही म्हणतात. राहण्याचे गाव, वतन किंवा हुद्दा, व्यवसाय, जुने कुल आणि टोपणनाव हे आडनावांचे प्रमुख उगम आहेत. आज आडनाव पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते; पूर्वी मात्र ते बरेच सैल होते. पेशव्यांचे मूळ आडनाव भट होते आणि पेशवे हे हुद्द्याचे नाव. बाळाजी जनार्दन भानू हे फडणिशीमुळे नाना फडणवीस झाले. इंग्रजी अमदानीत शाळा, न्यायालये व जमिनीची दप्तरे यांत नाव ठरावीक पद्धतीने नोंदवावे लागू लागले, तेव्हा त्या वेळी प्रचारात असलेले आडनाव बहुधा कायम झाले.

ग्रामनामांवरून आलेली आडनावे

गावाच्या नावास 'कर' प्रत्यय लागून झालेली आडनावे सर्वांत ठळक आहेत : चिपळूणकर, मालवणकर, पाटणकर, मिरजकर. गावाचे नाव आकारान्त असल्यास प्रत्ययापूर्वी त्याचे रूप बदलते, लांजा-लांजेकर, रोहा-रोहेकर. असे आडनाव गाव सोडल्यावरच उपयोगी पडते, कारण खुद्द चिपळुणात कोणाला चिपळूणकर म्हणून वेगळे ओळखता येणार नाही. त्यामुळे ही आडनावे स्थलांतराच्या खुणाही ठरतात. इंदूरच्या होळकरांचे आडनाव नीरा नदीकाठच्या होळ या गावावरून आले आहे. मास्टर दीनानाथ यांनी गोव्यातील मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. भीमराव आंबेडकर यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ होते. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावावरून आंबडवेकर हे नाव शाळेच्या दप्तरी लागले व पुढे त्याचे आंबेडकर झाले. हा प्रत्यय कोणत्याही एका धर्माचा नाही. कोकणातील बेने इस्रायल ज्यू समाजात पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे आढळतात व ती रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा, किहीम या गावांवरून आली आहेत.

हुद्दे आणि वतने

गावाचा प्रमुख पाटील, त्याचा साहाय्यक चौगुला, हिशेब ठेवणारा कुलकर्णी. परगण्याचा प्रमुख देशमुख व तेथील हिशेबनीस देशपांडे. ही पदे वंशपरंपरागत वतने असल्याने त्यांची आडनावे होणे स्वाभाविक होते. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस यांतील 'नीस' हे फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा या शब्दाचे मराठी रूप आहे. इनामदार, किल्लेदार, पोतदार यांतील 'दार' म्हणजे धारण करणारा. शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारातील फारसी पदनामांना संस्कृत पर्याय देण्यात आले : मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत झाला. आडनावांत मात्र दोन्ही टिकली. मुजुमदारही आहेत आणि अमात्यही, डबीरही आहेत आणि सुमंतही.

परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, तर मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. पद गेले, आडनाव राहिले.

कुलनामे व टोपणनावे

जाधव आणि यादव, शेलार आणि शिलाहार, साळुंखे आणि चालुक्य, चव्हाण आणि चाहमान असे संबंध अभ्यासकांनी जोडले आहेत. शब्दांचे साम्य लक्षणीय आहे. परंतु तेवढ्यावरून एखाद्या आजच्या कुटुंबाचा वंश त्या राजघराण्यापर्यंत नेता येत नाही.

काळे, गोरे, टकले, बोबडे ही नावे शरीरावरून किंवा लकबीवरून पडलेली दिसतात. वाघ, कोल्हे, लांडगे, मुळे, पडवळ, सातपुते, एकबोटे, सहस्रबुद्धे यांच्या उत्पत्तीच्या कथा मोठ्या हौसेने सांगितल्या जातात. त्यांपैकी पुष्कळ कथा आडनाव पाहून मागाहून रचलेल्या असाव्यात. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे : मूळ आडनाव गोऱ्हे, फुलांच्या व्यवसायामुळे फुले.

आडनाव आणि जात

आडनावावरून जात ओळखण्याची सवय महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. घर भाड्याने देताना किंवा ओळख करून घेताना 'आडनाव काय?' हा प्रश्न पुष्कळदा त्याच हेतूने विचारला जातो. अनुमान म्हणूनही हा आधार कच्चा आहे. पाटील हे आडनाव मराठा, आगरी, लिंगायत, जैन अशा अनेक समाजांत आहे. जाधव, गायकवाड, मोरे, पवार, शिंदे ही मराठा घराण्यांइतकीच दलित व इतर समाजांतही प्रचलित आहेत. गावावरून आलेले आडनाव तर त्या गावातून बाहेर पडलेल्या कोणत्याही जातीच्या कुटुंबाचे असू शकते. तरीही या विचारण्याचा जाच टाळण्यासाठी काही जण आडनाव गाळून स्वतःच्या नावापुढे केवळ आई-वडिलांची नावे लावतात, तर काही जण राजपत्रात नोंद करून ते बदलतात.

शासकीय नोंदी

महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवले जाते.