भिलाईहून हिमप्रदेशाकडे

फेब्रुवारी उजाडला की भिलाईत दुपारचे ऊन जाणवू लागते. त्याच वेळी काश्मीर हिमाच्छादित असते. तेथे २१ डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याचा काळ जानेवारीअखेर सरतो. मग वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. थंडीची धार किंचित बोथट झालेली, पण गुलमर्गचा बर्फ शाबूत, असा हा उतरता हिवाळा सहकुटुंब सहलीस सोयीचा.

भिलाईकरांना या प्रवासाची आणखी एक ओढ आहे. ६ जून २०२५ रोजी कटरा-श्रीनगर रेल्वेमार्ग खुला झाला. त्यावरील चिनाब पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच असून त्यासाठी ‘सेल’ने मोठ्या प्रमाणावर पोलाद पुरवले. भिलाई पोलाद कारखाना याच ‘सेल’चा आणि देशभरातील रेल्वेसाठी रूळ घडवणारा. धगधगत्या भट्टीपुढे उमेद खर्च केलेल्यांना निवृत्तीनंतर या मार्गाने बर्फाकडे जाण्यात वेगळेच समाधान लाभेल.

मात्र नियोजन वर्षभर आधी व्हावे. फेब्रुवारीत दरमहा ३,००० रुपयांची दहा महिन्यांची आवर्ती ठेव सुरू केल्यास डिसेंबरमध्ये ३०,००० रुपये मुद्दल आणि त्यावरील व्याज हाती येते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होत असल्याने ही रक्कम नेमकी वेळेवर उपयोगी पडते.

अंदाजपत्रकात एक राखीव दिवस आणि त्या मुक्कामाचा खर्च अवश्य धरावा. हिमवृष्टीने रस्ते बंद होतात, विमाने रद्द होतात. परतीची घाई तेव्हा जिवावर बेतू शकते. वीज गेल्यास एटीएम बंद पडू शकते, म्हणून थोडी रोकड जवळ असावी. अन्य राज्यांतील प्रीपेड मोबाइल तेथे चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. केबल कारचा दुसरा टप्पा तर ३,७०० मीटरच्याही वर नेतो. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एका जाड स्वेटरपेक्षा कपड्यांचे तीन थर अधिक ऊब देतात. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पैशाची पुंजी जशी हळूहळू साठवावी, तशीच वेळेचीही थोडी शिल्लक गाठीशी ठेवावी. ती असली, तर अडलेला दिवसही खिडकीतून हिमवर्षाव पाहण्यात आनंदाने सरेल.