पाककृतींची कारणं – ६ : सांबाराची सुरुवात चिंचेपासून

मराठी घरांत सांबार बहुतेकदा आमटीच्या वाटेने होतं. कुकरमध्ये तूरडाळ, त्यातच शेवग्याच्या शेंगा, भोपळा, टोमॅटो, तीन-चार शिट्ट्या, मग पाणी, पाकिटातला सांबार मसाला, चिंचेचा कोळ, वरून फोडणी. वाटीत येतं ते चवीला वाईट नसतं, पण पहिल्या घासाला कळतं की ही शेंगांची आमटी आहे आणि तिला सांबाराचा वास आहे. मग दोष मसाल्यावर येतो, पाकीट बदललं जातं आणि पुन्हा तेच होतं. माझ्या मते चूक मसाल्याची नाही, क्रमाची आहे. सांबार म्हणजे वरणात आंबट घालून केलेला पदार्थ, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते चिंचेच्या पाण्यात भाजी आणि मसाला शिजवून, त्यात शेवटी वरण मिसळून केलेलं कालवण आहे.

याचा पहिला पुरावा नावांतच आहे. कन्नड घरांत सांबाराच्या जागी वाढतात त्या पदार्थाला ‘हुळी’ म्हणतात आणि हुळी म्हणजे आंबट. तेलुगूत चिंचेच्या कालवणाला ‘पुलुसु’ म्हणतात, तोही आंबटाचाच शब्द. तमिळ स्वयंपाकात सांबार ‘कुळंबु’ या कुळात बसतं. या कुळातल्या पुळि कुळंबुत डाळ नसतेच. चिंच, मसाला, तिळाचं तेल आणि एखादी भाजी एवढ्यावर ते उभं राहतं. त्याच पाण्यात शिजलेली तूरडाळ पडली की सांबाराकडे वाटचाल सुरू होते. गंमत म्हणजे आपली ‘आमटी’ही आंबटाशीच नातं सांगते, नाव राहिलं, पण आंबट मागे जाऊन डाळ पुढे आली. तंजावरची दंतकथाही इथे आठवते. १६७५-७६पासून १८५५पर्यंत भोसल्यांची गादी असलेल्या त्या गावी आमसुलं संपली, म्हणून आमटीत चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावाने सांबार जन्मलं, असं सांगतात. तिला त्या काळच्या कागदाचा आधार कोणी दाखवत नाही, त्यामुळे इतिहास म्हणून मी ती मानत नाही. पण रचणाऱ्यांनीसुद्धा पदार्थाचा जन्म आंबटाच्या बदलावर बेतला, डाळीच्या नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दुसरा पुरावा पातेल्यात दिसतो. चार माणसांसाठी लहान लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळून घेतली (तमिळ घरांतही चिंचेचं माप लिंबाएवढी, आवळ्याएवढी असंच सांगतात) आणि त्या पातळ पाण्यात हळद, मीठ, हिंग, दोन-अडीच चमचे सांबार पूड घालून दहा-बारा मिनिटं खळखळून उकळलं, की आधी नाकाला झोंबणारा कच्चा वास हळूहळू मावळतो. आंबटपणा मात्र कमी होत नाही, कारण चिंचेतलं टार्टारिक आम्ल वाफेबरोबर उडून जात नाही. पुडीतल्या धण्यांचा, मिरचीचा, मेथीचा कच्चेपणाही याच उकळीत जातो. आता हेच काम घट्ट वरणात करून पाहा. वरण तळाला धरतं, म्हणून आच कमी करावी लागते. आच कमी, म्हणून चिंच आणि पूड दोन्ही अर्धकच्ची राहतात. पाकीट बदलून हे सुटणार कसं?

भाजीचंही तसंच. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सावकाश विरघळतं. त्यामुळे वांग्याच्या फोडी, लहान सांबार कांदे, भोपळा चिंचेच्या पाण्यात शिजूनही अखंड राहतात आणि आत आंबट-तिखट मुरतं. कुकरमध्ये डाळीबरोबर शिजलेला भोपळा डाळीतच विरून जातो. भेंडी तेलावर परतून चिंचेत टाकली की तिचा बुळबुळीतपणाही आटोक्यात येतो. पण भाजीला सांभाळणारं हेच आम्ल डाळीच्या आड येतं: आंबट पाण्यात तूरडाळ लवकर मऊ होत नाही. म्हणून वाटीभराला थोडी कमी डाळ वेगळी, नुसती हळद घालून, बोटांत दाणा लागणार नाही इतकी शिजवायची, घोटायची आणि भाजी झाल्यावरच मिसळायची. त्यानंतर दोन-तीन उकळ्या पुरतात.

यावर पहिला आक्षेप असा, की नावच मसाल्याचं आहे. तमिळमध्ये ‘संबारम्’ म्हणजे मसाल्याचं सामान, आणि विदर्भात तर सांबार म्हणजे कोथिंबीर. हे खरं आहे, आणि पुडीला मी कमी लेखत नाही. धणे, सुक्या मिरच्या, मेथी यांच्याबरोबर भाजलेली तूर आणि हरभरा डाळ तिच्यात असते. तिने रसाला अंग येतं. ताजं ओलं खोबरं घालून वाटलेला मसाला तर त्याहून सरस. पण पूड कितीही उत्तम असली तरी तिला उकळायला पातळ, आंबट पाणी लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इडलीबरोबरच्या सांबारात चिंच थोडीच असते, पुष्कळदा मूगडाळ असते, आणि उडुपीकडे गूळही घालतात. मान्य. मात्र तिथे बदलतं ते प्रमाण. भातावर घ्यायचं सांबार आणि इडली बुडवायचं सांबार यांत आंबटाची पातळी वेगळी असणारच. चिंच कमी घेतली म्हणून ती शेवटी कच्ची ओतावी असं होत नाही. टोमॅटोवर भागवणाऱ्यांनाही एवढंच सांगेन, की टोमॅटो अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे, चिंचेच्या जोडीला तो चांगला. एकटा असला तर चव पटकन गोडसर होते. शेंगा चिंचेत शिजायला फार वेळ घेतात ही तक्रारही रास्त आहे. त्या आधी साध्या पाण्यात अर्ध्या शिजवाव्या आणि ते पाणी टाकू नये.

राहिला वेळेचा प्रश्न. कुकरमध्ये डाळ होते तेवढ्यात शेजारच्या शेगडीवर चिंचेचं पाणी उकळून तयार होतं, म्हणजे जास्तीचं लागतं ते एक पातेलं. फोडणी शेवटी: तिळाच्या तेलात मोहरी, दोन मेथीदाणे, सुकी मिरची, कढीपत्ता. मेथी तांबूस झाली की लगेच ओतावी, काळी पडली तर कडवटपणा सगळ्या पातेल्यात उतरतो. सांबार फार आंबट झालं तर साखरेकडे हात नेण्याआधी डावभर वरण वाढवून पाहावं. आणि वरण मिसळण्याआधी एकदा ते नुसतं आंबट-तिखट पाणी चमच्यात घेऊन चाखावं: तिथेच ते भाताबरोबर खावंसं वाटलं, तर सांबार जमलंय. पुढच्या आठवड्यात रस्सम. तिथे चिंचेचं पाणी हेच, पण डाळीचं फक्त वरचं निवळ पाणी घेतात.