दहा दिवसांची पावती

कोल्हापूरकडच्या गावात सकाळी सहाला दूध डेअरीवर रांग लागलेली असते. किटलीतलं दूध काट्यावर ओतलं जातं, नमुना तपासणी यंत्रात जातो, आणि तेवढ्या वेळात दूध घालणाऱ्याची नजर खिळलेली असते ती काउंटरवरच्या मुठीएवढ्या प्रिंटरवर. ‘आज फॅट किती लागली?’ याचं उत्तर तिथूनच येणार असतं. बारीक घरघर होते आणि बोटभर लांबीची पावती बाहेर येते: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. म्हशीचं दूध असेल तर ६ फॅट आणि ९ एसएनएफ, गाईचं असेल तर ३.५ आणि ८.५, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पावती हातात पडते तेव्हा किंचित कोमट लागते. त्या कोमटपणातच सगळी छपाई आहे.

या थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. रिबन नाही, कार्ट्रिज नाही. रंग असतो तो कागदातच. रोलच्या गुळगुळीत बाजूवर एक पातळ लेप दिलेला असतो. त्यात एक रंगहीन रंगद्रव्य, त्याला काळं करणारा आम्लधर्मी पदार्थ आणि लवकर वितळणारा तिसरा पदार्थ, असे तिन्ही घन कणांच्या रूपात शेजारी शेजारी पडून असतात. उष्णता लागली की तिसरा वितळतो, पहिल्या दोघांची गाठ पडते आणि तेवढा ठिपका काळा होतो. खात्री करायची असेल तर कोऱ्या पावतीवर नखाने जोरात ओरखडा काढा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटते. नवीन रोल घालताना सचिव हेच करून सुलटी बाजू ओळखतात, कारण रोल उलटा बसला की यंत्र बिनतक्रार चालतं आणि कोऱ्या पावत्या काढत राहतं.

झाकण उघडलं की आत दोनच गोष्टी दिसतात: कागद पुढे ओढणारा रबरी रूळ आणि त्याला टेकलेली चकचकीत पट्टी. ही पट्टी म्हणजे हेड. सिरॅमिकवर एका ओळीत बसवलेले सूक्ष्म तापक, मिलिमीटरला ८. कागद ५८ मिलिमीटर रुंद, त्यातली ४८ मिलिमीटर छपाईची, म्हणजे एका ओळीत ३८४ ठिपके. एक ओळ तापते, रूळ कागदाला मिलिमीटरचा आठवा भाग पुढे सरकवतो, पुढची ओळ तापते. सेकंदाला ५० मिलिमीटर कागद सरकत असेल तर ४०० ओळी झाल्या. प्रत्येक ओळीच्या वाट्याला अडीच मिलिसेकंद. एवढ्या वेळात ठिपका तापून परत थंडही व्हावा लागतो, नाहीतर अक्षराला काळी शेपटी फुटते.

इथे देवनागरीची एक गंमत दिसते. शिरोरेषा आडवी, आणि तापकांची ओळही आडवी. म्हणजे ‘रक्कम’ची शिरोरेषा छापताना तेवढ्या रुंदीतले सगळे ठिपके एकाच वेळी वीज मागतात. लाइट गेलेली असेल आणि यंत्र उतरलेल्या बॅटरीवर चालत असेल, तर पहिली फिकी पडते ती शिरोरेषा.

खरा त्रास असतो तो पांढऱ्या उभ्या रेघेचा. प्रत्येक पावतीवर एकाच जागी रेघ आली, तर तिथे धूळ बसली आहे किंवा तापक कायमचे गेले आहेत. प्रिंटर बंद करून, हेड थंड झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसलं की बहुतेक वेळा रेघ जाते. गेली नाही तर हेड बदलावं, टाळाटाळ करू नये. शेजारचे दोन-तीन तापक गेले आणि इंग्रजी ८ ची डावी बाजू नेमकी त्या जागी आली, तर तो ३ वाचला जातो. फॅटच्या आकड्यात असं झालं तर ज्याचं घर त्या दुधावर चालतं, त्याचा डेअरीवरचा विश्वास उडतो, आणि तो उडावा हे स्वाभाविकच आहे.

ही छपाई कुठे वापरायची, याचं उत्तर मला याच काउंटरवर सापडलं. दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. तोपर्यंत पावती वाचता आली की तिचं काम झालं. स्वस्त, फारसा आवाज न करणारं, शाईच्या खर्चाशिवाय पहाट-संध्याकाळ चालणारं यंत्र या कामाला अगदी योग्य आहे. एसटीचं तिकीट, कुरिअरच्या खोक्यावरचं लेबल, एटीएमची चिठ्ठी यांचंही तसंच. बिल मात्र डेअरी साध्या कागदावर वेगळ्या प्रिंटरने काढते आणि फाइलला लावते. हा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

कारण काळा झालेला ठिपका पक्का नसतो. ती रासायनिक गाठ सुटू शकते. ऊन, तेलकट बोटं, प्लॅस्टिकच्या पाकिटातली मऊपणासाठी घातलेली द्रव्यं ती सोडवतात आणि अक्षर पुन्हा रंगहीन होतं. उलट बाजूने, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली पावती सबंध काळवंडते. चांगला कागद अंधारात नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. मतदानयंत्राशेजारच्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही अशाच कागदाची असते आणि तिच्यावरची छपाई ५ वर्षं टिकते, असं निवडणूक आयोग सांगतो. पण खिशातल्या पावतीला तो अंधार मिळत नाही. जीएसटीचे कागद ७२ महिने सांभाळायचे असतात. थर्मल बिलाच्या भरवशावर राहणारा दुकानदार स्वतःचंच नुकसान करतो. गोठ्यात, उन्हात किंवा गोदामात वर्षभर टिकायचं लेबल असेल तर रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्यावा. तिथेही हेड तापतंच, पण ते रिबनवरचं मेण किंवा राळ वितळवून लेबलावर चिकटवतं, त्यामुळे रंग कागदाच्या रसायनावर अवलंबून राहत नाही.

कागदातल्या रसायनाबद्दलही बोलायला हवं. काळं करणारा पदार्थ म्हणून बरीच वर्षं बिस्फेनॉल ए वापरलं गेलं. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात त्याच्यावर वजनाच्या ०.०२ टक्क्यांची मर्यादा घातली. रोज शेकडो पावत्या फाडणाऱ्या माणसासाठी रोल घेताना ‘बिस्फेनॉलमुक्त’ असं लिहिलेलं पाहावं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो ईसीजीच्या पट्ट्या पाहून. लाल चौकटींचा तो कागद पुष्कळदा थर्मलच असतो. पुढच्या झटक्याच्या वेळी डॉक्टरांना जुना आलेख समोर हवा असतो, आणि घरच्यांनी जपून ठेवलेल्या पट्टीवर नुसत्या चौकटी उरलेल्या असतात. कुणी काळजीपोटी लॅमिनेशनला नेतात. तिथल्या गरम रुळांतून ती पूर्ण काळी होऊन बाहेर येते. पट्टी हातात पडली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, वर तारीख आणि रुग्णाचं नाव लिहा, मोबाइलवर फोटो घ्या आणि फाइलला झेरॉक्स लावा.